हातविक्रीचं नवल

मेथीची जुडी रानातून उपटली की मेथी मेली, असं आपण धरून चालतो. ती मेलेली नसते. तुमच्या पिशवीतून घरी येतानाही ती श्वास घेत असते. अगदी खराखुरा श्वास! हवेतला प्राणवायू आत घ्यायचा, पानांत साठलेली साखर जाळायची, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ बाहेर सोडायची. तुमच्या-माझ्या पेशी रात्रंदिवस हेच करतात. फक्त मेथीची मुळं मातीतून सुटली, म्हणून पाणी यायचं थांबलं. जुडी बांधून पोत्यात कोंबली, म्हणून ऊन मिळायचं आणि नवी साखर बनायची थांबली. आता जवळ आहे तेवढ्याच शिदोरीवर तिला दिवस काढायचे आहेत.

पटत नसेल तर गच्च भरलेल्या कोथिंबिरीच्या पोत्यात मनगटापर्यंत हात घालून बघा. वरची पानं गार लागतील, आत मात्र चक्क ऊब लागेल. ती उन्हाची नाही. हजारो पानांच्या श्वसनातून निघालेली उष्णता आहे ती, बाहेर पडायला वाट न मिळाल्याने कोंडलेली. गंमत पुढेच आहे. तापमान १० अंशांनी चढलं की भाजीच्या श्वसनाचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. श्वसनाने उष्णता वाढते, उष्णतेने श्वसन वाढतं, आणि पोतं आपलं आपणच तापत जातं. दुपारपर्यंत मधल्या पानांचा रंग उडालेला असतो.

माळवं, म्हणजे भाजीपाला, करणाऱ्या घरांत हे शास्त्र कुणी शिकवायला येत नाही, तरी तिथे पहाटे अंधारातच काढणी का होते? पोत्याऐवजी पाटी का वापरतात? पाटीवर ओलं गोणपाट का टाकतात? पहाटे पान रात्रभर गार झालेलं असतं, पाण्याने भरलेलं असतं. पाटीला फटी असतात, त्यांतून वारा फिरतो. गोणपाटातलं पाणी उडताना भाजीची उष्णता घेऊन जातं. विजेशिवाय चालणारं शीतगृहच म्हणा ना! आणि त्याची गरज किती, तर पालकाच्या वजनातलं जेमतेम ३ टक्के पाणी गेलं तरी पान मान टाकतं आणि गिऱ्हाईक जुडी परत ठेवतं.

प्रत्येक भाजीचा वेग निराळा. मटार, मक्याचं कोवळं कणीस, पालक यांचा श्वास जोरात चालतो. मटाराचा गोडवा तोडणीनंतर तासातासाने ओसरतो, कारण दाण्यातली साखर काही जळते आणि काहीचा स्टार्च होतो. सकाळी तोडलेला मटार दुपारी खाल्ला आणि तोच तीन दिवसांनी खाल्ला, तर दाणा तोच असून चव पिठूळ लागते ती यामुळे. उलट कांदा आणि बटाटा हे झाडाचे विश्रांतीचे अवयव, पुढच्या हंगामापर्यंत टिकून राहण्यासाठीच घडलेले. त्यांचा श्वास संथ. म्हणून लासलगावचा कांदा देश ओलांडून जातो आणि मेथी सहसा फार लांब जात नाही.

आता हेच टोमॅटोला लावून पाहा. टोमॅटो खुडल्यावरही पिकतो, कारण तो स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतो. वायू पिकण्याची आज्ञा देतो, पिकणारं फळ आणखी वायू सोडतं. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो दूरच्या राज्यांत जातो. तो लालबुंद होईपर्यंत झाडावर ठेवला तर वाटेतच त्याचा रस्सा व्हायचा. म्हणून नुकता रंग धरू लागला की तो खुडतात. रंग वाटेत येतो, पण झाडाकडून साखर येण्याचे शेवटचे दिवस हुकतात ते हुकतातच.

अंतराने नुसती खुडणीची वेळ बदलली असं नाही, फळाची जातच बदलली. लांब जायचं तर साल जाड हवी, गर घट्ट हवा, सगळी फळं एकसारखी आणि एकदम रंगणारी हवीत. पूर्वीच्या अनेक टोमॅटोंच्या देठाजवळ हिरवा खांदा असायचा. दिसायला तो कच्चेपणाचा डाग वाटे. सुमारे ७० वर्षं जगभरच्या पैदासकारांनी तो डाग नसलेली, सारख्या फिकट हिरव्या फळांची झाडं निवडली. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात या निवडीचं रहस्य उलगडलं. फळात हरितद्रव्याचे भरपूर कण तयार करणारं एक जनुक या टोमॅटोंमध्ये बिघडलेलं होतं. तो हिरवा खांदा म्हणजे फळाची स्वतःची साखर बनवणारी जागा होती! दिसण्यासाठी आपण तीच पुसून टाकली. विकणारा आणि खाणारा समोरासमोर असते, चव घेऊन मग पैसे मोजले जात असते, तर तो डाग इतक्या सहज गेला असता का?

समोरासमोर येणं म्हणजेच हातविक्री. पिकवणाऱ्याच्या हातून थेट घेणाऱ्याच्या हातात. आणि त्यासाठी आपल्याकडे शेकडो वर्षांपासून एक अजब यंत्रणा आहे. ती अर्ध्या दिवसासाठी उगवते आणि संध्याकाळी मागे रिकामं मैदान उरतं. आठवडी बाजार.

नाशिकला गोदाकाठी बुधवारी, म्हापशाला शुक्रवारी, चाकणला शनिवारी, कोल्हापूरला लक्ष्मीपुरीत रविवारी. रोज का नाही? एक लहान गाव धरा. तिथे रोज दोर, विळे, बांगड्या, सुकी मासळी, मसाले आणि वीस तऱ्हेच्या भाज्या खपवायला पुरेशी गिऱ्हाइकं नाहीत. रोज दुकान मांडलं तर विकणारा उपाशी मरेल. पण आसपासच्या दहा वाड्यांची सात दिवसांची गरज एकाच दिवशी, एकाच मैदानात आणून ओतली तर? गिऱ्हाइकी एकदम पुरेशी होते. गिऱ्हाइकं वाढवणं शक्य नव्हतं, म्हणून माणसांनी वेळ गोळा केला. मला ही मानवाच्या मोठ्या युक्त्यांपैकी एक वाटते, आणि ती कुणा एकाने शोधलेली नाही.

शेजारच्या गावांचे वार सहसा एकमेकांवर येत नाहीत. सोमवारी एका गावी बसलेला बांगडीवाला मंगळवारी दुसऱ्या गावी, बुधवारी तिसऱ्या गावी. सात गावं मिळून त्याचं एक दुकान पोसतात. चीनच्या सिचुआन प्रांतात अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ विल्यम स्किनर यांना हाच प्रकार दहा दिवसांच्या चक्रात सापडला. एका गावाचा बाजार तिथीच्या १, ४, ७ ला, शेजारच्याचा २, ५, ८ ला, त्यापलीकडच्याचा ३, ६, ९ ला. १९६४-६५ मध्ये त्यांनी ते सविस्तर मांडलं. आपला वार आणि त्यांची तिथी यांची गाठ कधी पडली नव्हती, तरी उत्तर एकाच जातीचं निघालं.

बाजाराचं हे पंचांग रानातही उमटतं, आणि ते बघण्यासारखं असतं. मेथी पेरल्यापासून साधारण महिन्याभरात काढणीला येते. दर आठवड्याला बाजार करणारी बाई सगळं रान एकदम पेरत नाही. एक वाफा या आठवड्यात, दुसरा पुढच्या, तिसरा त्यापुढच्या. बांधावर उभं राहिलं की एकाच पिकाची चार वयं एका ओळीत दिसतात. नुकती माती फोडलेली, दोन बोटं उंच, वीतभर, आणि उद्याच्या बाजारासाठी तयार. पहिला वाफा रिकामा झाला की लगेच पुन्हा बी पडतं.

मग बाजाराची सकाळ उजाडते आणि त्याहून मोठं कोडं समोर येतं. आज मेथी कितीला? भाव फळ्यावर लिहिलेला नसतो, कुणी अधिकारी येऊन सांगत नाही. तरी तासाभरात सगळ्या मैदानात जुडीचा भाव जवळपास सारखा झालेला असतो. हे कसं होतं?

व्हर्नन स्मिथ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांवरच हा खेळ करून पाहिला. निम्मे विकणारे, निम्मे घेणारे. प्रत्येक विकणाऱ्याला एक चिठ्ठी, यापेक्षा कमीत विकायचं नाही. प्रत्येक घेणाऱ्याला एक चिठ्ठी, यापेक्षा जास्त द्यायचं नाही. एकाची चिठ्ठी दुसऱ्याला ठाऊक नाही. बोली मात्र सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्याने करायची. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र पाहणाऱ्यालाच जो भाव गणिताने काढता आला असता, त्याच्या अगदी जवळ ही मुलं काही फेऱ्यांतच पोहोचली. खुद्द स्मिथ चकित झाले. अशा प्रयोगांच्या पायावर उभ्या राहिलेल्या कामासाठी २००२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

आठवडी बाजारात रीतसर बोली नसते, पण आरोळी असते. ‘वीसला दोन, वीसला दोन!’ ही आरोळी गिऱ्हाइकाइतकीच शेजारच्या पाटीवालीच्याही कानात जाते. तिकडे गिऱ्हाईक थबकलं की इकडचा भाव उतरतो. तीन गिऱ्हाइकांनी घासाघीस न करता जुड्या उचलल्या की चौथ्यासाठी भाव ताठ होतो. कुणाच्या रानात गारपीट झाली, कुणाकडे आज पाहुणे आहेत, उद्या कोणता उपास आहे, ही शेकडो माणसांच्या डोक्यांत विखुरलेली माहिती त्या गोंगाटात एका आकड्यात गोळा होते. त्या गोंगाटाला आपण नुसता गोंधळ म्हणतो!

आणि तो आकडा दिवसभर हलता असतो. सकाळी भवानी व्हायची असते, भाजी टवटवीत असते, तेव्हा पाटीवाली आढ्यतेने बसते. उन्हं कलली की मेथीचा श्वास तिच्या हिशेबात शिरतो. उरलेली भाजी परत न्यायची तर गाडीभाडं पडणार आणि उद्या ती विकण्याजोगी राहणार नाही. म्हणून बाजार उठता उठता वाटे मोठे होतात, भाव पडतात. पैशाची चणचण असलेलं गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच येतं. एकाच भाजीचे एकाच दिवसात दोन-तीन भाव होतात आणि त्यात फसवणूक कुठेच नसते.

हे सगळं इतकं चांगलं चालतं, तर मग आडत्या, दलाल, मोठी मंडई हे मधे आले कुठून? त्याचं उत्तर कापसात आहे. आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याला १८८६ मध्ये कापसाचा बाजार सरकारी नियमांखाली आणला गेला. देशातला हा पहिला नियंत्रित बाजार मानतात. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजारांचा कायदा झाला. इंग्रजांचा डोळा इंग्लंडमधल्या गिरण्यांसाठी लागणाऱ्या कापसावर होता. पण नियमांनी बाजारातल्या एका खऱ्या दुखण्यालाही हात घातला. तेव्हा, आणि पुढेही कितीतरी वर्षं, ठिकठिकाणी भाव रुमालाखाली ठरत. दलाल आणि व्यापारी कापडाखाली हात धरत, बोटं दाबून आकडे सांगत. याला हत्ता पद्धत म्हणत. ज्याचा माल, तो शेतकरी हातभर अंतरावर उभा असे आणि त्यालाच भाव कळत नसे. महाराष्ट्राचा १९६३ चा बाजार समिती कायदा आला तो उघडा लिलाव आणि खरं वजन यांसाठी. शेतकऱ्याला वाचवायला आलेल्या या कायद्याने पुढे त्यालाच ठरलेल्या आवारात बांधून घातलं.

शिवाय साखळीत प्रत्येक हात आपलं काम करतो आणि आपला वाटा घेतो. गाडीभाडं, हमाली, तोलाई, आडत, मग घाऊक खरेदीदार, मग छोटा व्यापारी, मग तुमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला. यातला कुणीही फुकट खात नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. पण या सगळ्या वेळात भाजी श्वास घेतच असते. समजा १० किलो माल निघाला आणि तुमच्यापर्यंत ८ किलो धडका पोहोचला, तर त्या ८ किलोंनी १० किलोंची किंमत आणि वाटेचा सगळा खर्च भरून काढायचा. रिझर्व्ह बँकेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाच्या १ रुपयातले टोमॅटो पिकवणाऱ्याला सुमारे ३३ पैसे मिळतात, कांदेवाल्याला ३६ आणि बटाटेवाल्याला ३७. एखाद्या दिवशी भाव इतका कोसळतो की मालाच्या पट्टीत, म्हणजे आडत्याच्या हिशेबात, खर्च वजा जाता शेतकऱ्याकडूनच येणं निघतं. या उलट्या पट्टीची धास्ती माळवं करणाऱ्या प्रत्येक घराला असते.

२०१६ मध्ये महाराष्ट्राने फळं आणि भाजीपाला बाजार समित्यांच्या नियंत्रणातून मोकळा केला. त्याच वर्षी शहरांमध्ये शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरवण्याचं अभियान सुरू झालं. त्याला नाव दिलं सावता माळ्यांचं, सोलापूर जिल्ह्यातल्या अरणच्या मळ्यात राबणाऱ्या संताचं. आधी इतर राज्यांनी वाट पाडलेलीच होती. पंजाबात १९८७ पासून ‘अपनी मंडी’, आंध्रात १९९९ पासून ‘रयतू बझार’, त्याच वर्षी तमिळनाडूत ‘उळवर सन्दै’. तिथे शेतकऱ्याला फोटोचं ओळखपत्र देतात, म्हणजे शेतकऱ्याच्या जागेवर व्यापारी येऊन बसू नये.

हातविक्री प्रत्येकाला जमते असं मात्र नाही. ज्याची ४० क्विंटल कोबी एकाच आठवड्यात तयार होते, त्याने ती पाटीत घेऊन बसायचं म्हटलं तर आयुष्य जाईल. त्याला मोठी मंडईच हवी. बाजाराचा दिवस म्हणजे रानातला एक दिवस बुडाला, हाही हिशेब असतो. थोडं-थोडं, तऱ्हेतऱ्हेचं आणि नाजूक पिकवणाऱ्यांची ही वाट आहे.

मला मात्र हातविक्रीचं सगळ्यात मोठं नवल ते ३३ पैसे वाढण्यात दिसत नाही. लांबलचक साखळीतून शेताकडे एकच निरोप परत येतो, तो म्हणजे आकडा. आज क्रेट इतक्याला गेलं, बस. का गेलं, कुणाला आवडलं, काय खटकलं, यातलं काही परत येत नाही. पाटीसमोर उभं राहून माणसं किती बोलतात ते ऐका! ‘मागच्या खेपेची वांगी बियाळ निघाली.’ ‘ही कसली भाजी, आजी? कशी करतात?’

पावसाळ्याच्या तोंडावर कर्जत, पनवेल, कल्याण भागात ठाकर आणि कातकरी बायका शेवळं घेऊन बसतात. सुरणाच्या नात्यातल्या रानटी झाडाचे ते फुलोरे. कुणी पेरत नाही, बी विकत मिळत नाही, पहिल्या सरींबरोबर जमिनीतून वर येतात. त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. नीट शिजवलं नाही तर घसा असा खाजतो की पुन्हा नाव घेणार नाही. शेवळांच्या वाट्याशेजारी हिरव्या आंबट फळांचा छोटा वाटा असतो, ती काकडं. तुम्ही नुसती शेवळं उचललीत तर बाई हटकते, ‘ताई, काकडं घ्या, नायतर घसा धरंल.’ मग कोणता भाग काढून टाकायचा, किती वेळ शिजवायचं, सगळं सांगते. ही भाजी लिलावात कशी जाणार? भाजीबरोबर तिची रीत द्यावी लागते, आणि ती तोंडानेच देता येते. टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली, फोडशी या सगळ्या रानभाज्या शहराच्या ताटात टिकल्या त्या अशा उकिडव्या बसून सांगणाऱ्या बायांमुळे.

निरोप उलटाही जातो, आणि थेट मातीपर्यंत. कोबीचंच घ्या. मंडईला मोठा, जड गड्डा लागतो. शहरातल्या तीन माणसांच्या घराला तो नको असतो, अर्धा चिरून उरलेला फ्रीजमध्ये काळा पडतो. बाजारात एकीने विचारलं, ‘लहान नाही का?’ दुसरीने विचारलं, तिसरीने विचारलं. गड्ड्याचा आकार बियाण्याबरोबरच रोपांमधल्या अंतरावरही ठरतो. रोपं जवळ लावली की प्रत्येकाला जागा, पाणी, ऊन कमी मिळतं आणि गड्डे लहान भरतात, पण तेवढ्याच रानात जास्त बसतात. साखळीतून हा प्रश्न शेतापर्यंत कधीच पोहोचला नसता. इथे तो पाटीमागे बसलेल्या बाईच्या कानात पडतो. घरी जाऊन ती मालकाला सांगते, ‘औंदा रोपं वीतभर जवळ लावा.’